एनमिटीचं वाक्य

इंग्रजी शब्द मुलांच्या डोक्यात कसा रुजवावा, ते मला विचारा. शब्द घरच्या माणसांवर वापरायचा आणि ते वाक्य सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं. सानगडीत माझ्या छपरीत रोज संध्याकाळी मुलं जमतात, आणि शिकवलेला शब्द विसरत नाहीत. दुर्दैवाने विसरत नाहीत.

त्या दिवशीचा शब्द होता 'एनमिटी'. म्हणजे वैर, मनात धरून ठेवलेलं. मी म्हटलं, "आपलं कोणाशी वैर आहे, घरी विचारून या."

दुसऱ्या दिवशी रुपा उभी राहिली. "माय ग्रँडमदर हॅज एनमिटी विथ सुशीलाबाई."

एकही चूक नाही! "म्हणा रे सगळे."

सर्वांत खणखणीत आवाज गोलूचा, म्हणजे सुशीलाबाईच्याच नातवाचा. छपरी रस्त्याला लागून, आणि रस्त्यावरून सुशीलाबाईच चाललेली.

"काहून रे गोलू, माझं नाव कायले घेऊन राहिले तुमी?"

गोलूने अर्थ सांगितला. हुशार पोरगा.

दुसऱ्या सकाळी माझ्याच शेतात रोवणी, म्हणजे भाताची लावणी. धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, उपटून ठेवलेले, ते त्याच दिवशी लागले नाहीत तर गेले. रोवणाऱ्या बायांच्या म्होरक्या दोघी: रुपाची आजी विमलाबाई आणि सुशीलाबाई.

"ती असंन त्या बांधीत मी पाय नाही टाकत," सुशीलाबाई एका धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून म्हणाली.

"माह्या पोरीच्या लग्नात भाजी खारट म्हन्लं होतं इनं," विमलाबाई दुसऱ्या धुऱ्यावरून. "मी तं भुलली होती. नातीनं इचारलं, तवा याद आली."

"खारटच होती."

बाया दोन्हीकडे वाटून बसल्या. पऱ्हे उन्हात माना टाकू लागले. माझी बायको निर्मला एकदा पऱ्ह्यांकडे पाही, एकदा माझ्याकडे. मी बांधीतल्या चिखलात उतरलो.

"अहो, ते वाक्य फक्त सरावासाठी होतं."

दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे घरी इचारून या म्हनून तुमी सांगतलं, गुरुजी?" विमलाबाईने विचारलं.

"हो."

"अन् मले वाटलं, इनंच पोरीले पढवलं," सुशीलाबाई म्हणाली. "चाल वं विमले."

दोघी एकाच धुऱ्याने निघाल्या, मागे साऱ्या बाया. दुपारी शेजारच्या परसरामच्या बांधीतून त्यांची गाणी ऐकू येत होती. इकडे मी आणि निर्मला, दोघेच वाकलेले. अर्धे पऱ्हे पिवळे पडले. ती दिवसभर माझ्याकडे पाठ करूनच रोवत राहिली.

संध्याकाळी रुपा पुन्हा उभी राहिली. "ग्रँडमदर हॅज नो एनमिटी विथ सुशीलाबाई. बोथ हॅव एनमिटी विथ गुरुजी."

व्याकरण निर्दोष होतं. शिक्षकाने काय करावं?

"म्हणा रे सगळे," मी म्हटलं.

सगळ्यांनी म्हटलं. स्वयंपाकघरातून निर्मलाने पण.