एका थानाच्या दोन पँटी

लग्नानंतर माझी कंबर सूतभरही वाढलेली नाही, हे मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत आलोय. पुरावा? माझे थोरले साडू. त्यांचं पोट दारात येतं तेव्हा ते स्वतः अजून जिन्यात असतात. मधल्या वेळात माझा चहा पिऊन होतो. असा माणूस नात्यात असला की आरसा लागतो कशाला?

आमचे सासरे शिंपी. दोन्ही मुलींची लग्नं त्यांनी एकाच दिवशी उरकली आणि राखाडी कापडाच्या एकाच थानातून दोन्ही जावयांना पँटी शिवल्या. परवा त्यांचा नव्वदावा वाढदिवस होता. महिनाभर आधीच निरोप आला, ‘त्याच पँटी घालून या. ज्याला नीट बसेल तो फोटोत माझ्या शेजारच्या खुर्चीवर.’

खुर्ची माझीच होती. आजवरच्या प्रत्येक फोटोत मी साडूंच्या मागे. माझा एक कान तेवढा येतो. आणि ही पँट मी दरवर्षी घालून बघतो, दरवर्षी बसते.

“यंदा माझं तोंड अख्खं येणार,” मी बायकोला म्हणालो.

“येईल हो. पँट मात्र मीच काढून देईन. कपाट विस्कटू नका.”

सासरी पोचल्यावर दोघी बहिणींनी पँटी इस्त्री करून एकाच खुंटीला टांगल्या. मी घाईत एक ओढली. बटण लागेना. प्रवासाने फुगलो असेन, म्हणून श्वास आत घेतला, भिंतीला पाठ लावली आणि हिसका दिला. लागलं. त्या आवाजाने गच्चीवरची कबुतरं उडाली ती संध्याकाळी परतली म्हणतात.

बाहेर येतो तर साडू दोन्ही हातांनी पँट धरून उभे.

“काय साडूबुवा, आजारी होतात की काय? केवढे वाळलात,” मी उरलेल्या श्वासात विचारलं.

“मलाही तेच वाटलं. पँट चढवल्यापासून खूश आहे मी.”

सासऱ्यांनी चष्मा चढवला. आधी माझ्या कमरेची पट्टी उलटून पाहिली, मग साडूंच्या. आतल्या बाजूला सासऱ्यांनी शिवतानाच खुणेचे टाके घातले होते, मोठ्याला लाल, धाकट्याला निळे.

“जावईबापू, तुम्ही यांची घातलीय. आणि हे तुमच्यात बुडालेत.”

साडूंचं तोंड उजळलं.

सासरे शिवणीवर बोट फिरवत होते. “मोठ्यांची चारदा उसवून वाढवलीय. धाकट्यांची सहादा. शिवणीत मी जादा ठेवलेली सगळी माया संपली, तेव्हा मागे वेगळं कापड जोडलंय. काय सुबक जोडलंय.” मग मुलींकडे वळून म्हणाले, “हात कुणाकडे शिकलात गं?”

“तुमच्याकडेच, बाबा,” थोरली म्हणाली.

“दरवर्षी एवढे खूश होऊन आरशासमोर फिरायचे,” माझी बायको पुटपुटली. “कसं सांगणार?”

खुर्च्या दोन मागवल्या. त्यांवर दोघी बहिणी बसल्या. आम्ही साडू मागे, एकमेकांची पँट सावरत.

फोटो दिवाणखान्यात लावलाय, कधीही या. त्यात मी साडूंपेक्षा चांगला चार बोटं उंच दिसतो. पायाखालची वीट खुर्चीमागे झाकली गेलीय.