पाव्हने, नोड अन् एकुलता एक कूलर

रिटायर झालो तसं कॉलनीतलं जो तो विचारे, "चंद्रभान, आता काय करून राहिला?" मी छाती काढून सांगो, "जगाचा माल सांभाळून राहिलो!" अन् त्यात तसूभरही खोटं नव्हतं, बरं का!

मोबाइलवर व्हिडिओ पाहू पाहू मी घरी नोड बसवला. अख्ख्या अकोल्यात पहिला मीच असन, लावा पैज! आता तुमी म्हनसान, नोड म्हंजे काय? सोपं आहे. लोक आपल्या फायली एकाच कंपनीच्या हवाली करत नाहीत. फायलीचे तुकडे करतात, त्याले कुलूप लावतात, अन् जगभरातल्या लोकाइच्या घरच्या हार्डडिस्कवर पसरवून ठेवतात. कोनता तुकडा कुठं आहे, त्याची नोंद ब्लॉकचेनवर राहते. आपन फक्त जागा द्याची, त्याचे डिजिटल कॉइन भेटतात. अट एकच, मशीन बंद पडाले नाही पाह्यजे! नव्या नोडले तर आधी पारखतात. मधामधात तिकडून विचारना येते, "तो तुकडा आहे का तुमच्यापाशी?" जवाब गेला नाही की नंबर कटले. आमच्या इकडच्या लाइटीच्या लाइनीच्या मेहेरबानीनं माझे बरेच नंबर आधीच कटले होते. आता शेवटची ताकीद होती. अजून एकदा बंद पडला तर नोड बाद!

सारं जमलं, पन अकोल्याचा मे महिना इसरलो ना मी! हार्डडिस्क अशी तापे की वर भाकर शेकून घ्या. मंग काय, घरातला एकुलता एक कूलर मी मशीनच्या खोलीत नेला. शकुन, म्हंजे माझी बायको, पंख्याखाली बसून मले शिव्या देत राहिली.

"मशीनले कूलर अन् बायकोले लू! असा भैताड मानूस पाह्यला नाही बाप्पा!"

अशातच पायलची सोयरिक आली. पायल म्हंजे आमची पोरगी, अमरावतीच्या एका लॅबमधे कामाले आहे. पोरगा कुलदीप तिच्याच लॅबमधला, परतवाड्याचा. दोघाइनं आपसात ठरवूनच टाकलं होतं, फक्त त्याच्या मायबापानं हो म्हनाचं बाकी होतं. पोरीनं हात जोडले.

"बाबा, मले कुलदीपशीच लग्न कराचं आहे. त्याचे मायबाप येतीन त्या दिवशी तुमी काही गडबड करू नका!"

"मी? मी काहाले गडबड करतो?"

त्या दिवशी शकुननं सकाळीच हुकूम सोडला, "कूलर बैठकीत पाह्यजे! उन्हाळ्यात पाव्हने घामानं निथळले तर परतवाड्यापर्यंत बोभाटा होईन." गोष्ट खरीच होती. आमच्या वऱ्हाडात भाजीत मीठ जास्त झालं तर सोयरा माफ करते, पन कूलरसमोर बसवलं नाही तर नातवंडाइच्या लग्नातही काढून दाखवते. मी मुकाट्यानं कूलर बैठकीत आनला.

पाव्हने आले. "जय भीम! जय भीम!" झालं. कुलदीपचे वडील बुधाजी, आई सुंदराबाई अन् कुलदीप. बुधाजी शांत मानूस. ठासून भरलेल्या जीपमधे भर उन्हाचे आले होते बिचारे, कूलरसमोर बसले अन् डोळे मिटले. सुंदराबाई मातर चौकस. पन्हं झालं, पोहे आले, अन् माझा मोबाइल बोंबलला! मशीन तापली की वाजावं म्हनून मीच त्यात सायरन भरून ठेवला होता.

इकडं पोरगी, तिकडं नोड! मी एक डाव टाकला. "कूलरमधे जरा पानी टाकून आनतो जी," म्हनलं, अन् चाकावरचा कूलर लोटत लोटत आत नेला. मशीनसमोर लावला, दार ओढून घेतलं अन् बाहेर येऊन बसलो, जसं काही झालंच नाही.

पंखा गरम हवा फेकू लागला. बुधाजीचा सदरा पाठीले चिकटला. सुंदराबाईनं वाट पाह्यली अन् विचारलं, "काहो पायलचे बाबा, कूलर पानी प्याले नदीवर गेला काय?"

"नाही जी, आतमधे आहे."

"आत कोनी बिमार आहे का?"

"नाही जी, मशीन आहे." इथं मी थांबाले पाह्यजे होतं. पन आपल्या नोडबद्दल कोनी पहिल्यांदा विचारून राहिलं, मी थांबतो काय! "मी लोकाइचा माल ठेवतो ना."

"कोन लोकाइचा?"

"ते मले माहीत नाही."

"माल कायचा?"

"तेही माहीत नाही. कुलूपबंद येते. आपन उघडून पाहाचं नसते."

"आनून कोन देते?"

"कोनी नाही! परदेशातून येते, दिवसरात्र."

सुंदराबाईच्या हातातला चमचा तिथंच थांबला. "पोलिसाइले माहीत आहे का हे?"

"त्याइले काय समजते त्यातलं!" मी हसलो. एकटाच हसलो.

स्वैपाकघराच्या दारात पायल ट्रे घेऊन उभी होती. तिनं डोळ्यानंच मले म्हनलं, बस करा!

"आई, ते कम्प्युटरचं काम..." कुलदीप सांगाले गेला.

"तू चूप बस! चला जी, उठा. परतवाड्याची जीप भेटन अजून." सुंदराबाईनं पर्स उचलली. तेवढ्यात माझा मोबाइल पुन्हा बोंबलला, मशीन अजून तापलेलीच होती. "घ्या! आली पोलिसाची गाडी!" म्हनत त्या दाराकडं धावल्या. शकुननं माझ्या हातातून मोबाइल हिसकला, आत नेला अन् कनकीच्या डब्यात गाडला.

बुधाजीनं मानेवरचा घाम पुसला. ते उठले. "खोली दाखवा मले."

मी दार उघडलं. ते आत गेले अन् आतून कडी लावली!

आमी सारे बाहेर. आवाज नाही, चाहूल नाही. सुंदराबाईनं दार ठोकलं. "अवो, आहा ना? बोला ना! पायलचे बाबा, माझ्या मानसाले काय केलं तुमी?" पायल रडाले आली. मी मनात म्हनलं, चंद्रभान, पोरीचं वाटोळं केलं तुनं.

अन् मंग आतून आवाज आला. घोरन्याचा!

लय ठोकल्यावर कडी निघाली. बुधाजी बनियनवर, सदरा खुंटीले, तोंडावर झोप. "काहून उभे आहा बाहेर? या ना आत! भल्ली थंडी हवा आहे!"

साऱ्याइनं आत जाऊन दिवानावर, खाटेवर, खाली सतरंजीवर बैठक मारली. पोहेही आतच आले. गार हवेत सुंदराबाईचं डोकं शांत झालं, अन् कुलदीपनं समजावलं, "आई, आपल्या परतवाड्याच्या गोदामात लोक संत्र्याच्या पेट्या ठेवतात, तसंच हे. संत्र्याऐवजी फायली." सुंदराबाईनं मान डोलावली.

बुधाजी म्हने, "जो मानूस अनोळखी लोकाइच्या मालाले एवढं जपते, त्यानं पोरीले किती जपलं असन! माझ्याकडून पक्कं!"

सुंदराबाईनं पायलले जवळ ओढलं. शकुननं साखर वाटली. मी भिंतीकडं तोंड करून गळ्यातल्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. छातीवरचा धोंडा उतरला बाप्पा! एवढं हलकं तर रिटायर झालो तेव्हाही वाटलं नव्हतं.

पाव्हने गेले. मी कनकीतून मोबाइल उकरला अन् पाह्यलं तर संदेशावर संदेश! मशीनकडं धावलो. एकही दिवा लागून नव्हता. मशीनचा प्लग खाली लोंबत होता, अन् त्याच्या जागी एक पांढरं चार्जर! झोपाच्या आधी बुधाजीनं आपला मोबाइल लावला होता. शेवटचा संदेश वाचला. नोड बाद!

शकुन पोट धरून हसली. तेवढ्यात आमच्या नव्या व्याह्याचा, बुधाजीचा फोन, "इवाई, माझं चार्जर राह्यलं का जी तिथं?"

"हो जी, आहे ना."

"असू द्या. लग्नापर्यंत जपून ठेवजा!"

ठेवलं आहे. कपाटात, कुलूप लावून. शकुन मधामधात विचारते, "आहे का तुमच्यापाशी?" अन् मी लगेच जवाब देतो, "आहे बाप्पा, आहे!"