चौथा शिक्का

नको असलेली वस्तू वेळेवर मोडीत काढणे हे सुदृढ जीवनाचे लक्षण होय. माणसाच्या पेशीत याकरिता एक यंत्र असते. निकामी प्रथिनावर शिक्के बसतात. चार शिक्क्यांची साखळी झाली की यंत्र ते ओढून घेते, उलगडते, तुकडे करते. शिक्के ओळखणारा एक भाग यंत्राच्या तोंडाशी बसतो. त्याची कृती ‘पीएसएमडी-४’ नावाच्या जनुकात लिहिलेली आहे. हा भाग प्रथिन चांगले की वाईट ते बघत नाही. शिक्के बघतो. (ही शिस्त निसर्गाला आमच्याआधी सुचली, याचे खात्याला कौतुक आहे.)

२००६ साली अकोल्यातल्या एका कार्यालयात (नाव सांगण्यास मनाई) वीजजोडणीचे अर्ज फार साचले. भगवंतराव साहेब प्रशिक्षणात हे जनुक शिकून आले होते. पद्धत लागू झाली.

कलम १. अर्जावर शिक्के मारावेत.

कलम ३. चार शिक्के झालेला अर्ज कापायच्या यंत्रात घालावा.

(कलम २, ‘अर्ज वाचावा’, यावर चार शिक्के पडले.)

कलम ४. अर्जदारास कळवू नये. मन दुखावते.

तीन महिन्यांत साचलेले अर्ज ९,४१२ वरून एकावर आले. समाधान शंभर टक्के (कर्मचाऱ्यांचे).

उरलेला एक मूर्तिजापूरकडच्या हलीमाबींचा. विहिरीला पाणी, बांधाला खांब, खांबाला तार नाही. मोटर बंद, संत्र्याची दोनशे झाडे उन्हात. शिक्के मारणाऱ्या किसनरावांचा हात तिसऱ्यानंतर थांबला होता. त्यांनी अर्ज वाचला होता.

“किसनभाऊ, चौथा काहून अडकवून राहिले?”

“तीनच बरे दिसतात, हलीमाबी.”

“बरं दिसाले ते काय नवरी हाय? आमच्या शेजारच्या जानरावचे चार झाले. पेढे वाटून राहिला तो.”

“त्याले तार भेटली?”

“भेटन ना. चार झाल्यावर काय राहते कोणाचं?”

(उत्तर कलम ४ मध्ये अडकले.)

“मी म्हणतो, अर्ज वापस न्या.”

“झाडं वाळून राहिली अन् वापस नेऊ? शाई काय तुमच्या घरून येते?”

आवाज ऐकून भगवंतराव बाहेर आले. गरिबाची अडवणूक त्यांना खपत नसे. चौथा शिक्का त्यांनी स्वतः मारला. हलीमाबींनी दुवा दिली.

पेशीत तुकडे वाया जात नाहीत, त्यांची नवी प्रथिने होतात. इथेही कापलेल्या अर्जांच्या पट्ट्यांचा लगदा करून कोरे अर्ज बनतात. जूनमध्ये हलीमाबींना असाच एक मिळाला. कागद गुळगुळीत. ‘झाडांची संख्या’ यापुढे त्यांनी साठ लिहिले.

चौकशीत किसनराव दोषी ठरले: वाचले, म्हणून हात थांबला.

आपणही आत्ता सगळे वाचले आहे. घाबरू नये. आपला हात कुठेही थांबणार नसेल, तर आपण नियमात आहात.