रविवारचं रिकामं घर

रविवारी तरी घर गरम राहिलं पाहिजे, असं व्हर्नाने जेवताना बजावून सांगितलं. मुलगी सोल्व्हे तिच्या मित्राला घेऊन येणार होती. हा रेमी लुइझियानाचा, म्हणजे जिथं लोक जानेवारीत ओसरीवर बसून कोळंबी सोलतात, तिथला. त्याला गावाकडे चांगली नोकरी चालून आली होती. इथे मिनेसोटाच्या थंडीत राहायचं की तिकडे जायचं, ते तुम्हाला भेटल्यावर ठरवू, असं सोल्व्हे फोनवर म्हणाली होती. एकुलती एक मुलगी. तिकडे गेली की ख्रिसमसला दिसणार, तीही दिसली तर.

"घराचं आता मी बघत नाही," तिचा नवरा आर्विड म्हणाला, "ते बघतं." आणि त्याने दाराजवळच्या भिंतीकडे आदराने पाहिलं.

तिथे साबणाच्या वडीएवढा नवा थर्मोस्टॅट होता. थंडी वाजली तर स्वेटर चढवावा, हे आर्विडच्या टोलेफसन घराण्याचं जुनं शास्त्र. पण या डबीने आर्विडला साक्षात दर्शनच दिलं. आपण झोपलो की तळघरातली भट्टी आपोआप मंदावते आणि आपण उठायच्या आत घर उबदार होतं, हे पाहून तो इतका भारावला की संध्याकाळी टीव्ही सोडून डबीसमोर खुर्ची टाकून बसू लागला. घरात कोण आहे, कोण नाही, सगळं कळतं तिला, असं तो शेजाऱ्यांना सांगे. खरं तर तिला काहीच कळत नव्हतं. आठवड्याचं वेळापत्रक त्यानेच भरलं होतं. रविवारी सकाळी चर्च, मग तिथली कॉफी, म्हणजे एक वाजेपर्यंत घर रिकामं, म्हणजे पंचावन्न अंश फॅरनहाइट, जेमतेम तेरा सेल्सिअस, पुरे. आणि एकदा लावलं की हात लावायचा नाही.

त्या रविवारी नेमकी चर्चची भट्टी बंद पडली. पाद्रीबाबांचा फोन आला, प्रार्थना रद्द. सोल्व्हे आणि रेमी चर्चऐवजी थेट घरी आले. डबीला हे कोणी कळवलं नाही.

आमच्याकडे बाहेरच्या थंडीबद्दल माणूस तासभर अभिमानाने बोलेल, पण दुसऱ्याच्या घरात बसून 'गार आहे' म्हणणं म्हणजे वाढणाऱ्याच्या तोंडावर आमटी अळणी म्हणण्यासारखं. सोल्व्हेने गाडीत रेमीला दोन गोष्टी पढवल्या होत्या. थंडीचं नाव काढायचं नाही. आणि कोणी काहीही दिलं तरी दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा आमच्याकडे हावरट ठरतो. रेमी शहाणा मुलगा. सासरेबुवांवर छाप पाडायला म्हणून तो पातळ, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

जुनं घर, जुन्या खिडक्या. बघता बघता घर गार पडलं. आर्विडच्या अंगात लोकरीचे दोन थर होते, त्यामुळे त्याला काही जाणवलं नाही. व्हर्नाला जाणवलं, पण ती ओव्हन सोडून हलायला तयार नव्हती. खिमा-बटाट्याचा हॉटडिश झाला का हे बघायला ती सारखं त्याचं दार उघडत होती. शेवटी ती शाल घेऊन बाहेर आली.

"रेमी, शाल देऊ का रे?"

"नको मॅडम, मस्त आहे."

"असंच आपलं, पायांवर?"

"अहो, खरंच नको."

रेमी सावरून बसला. आता तिसरी वेळ. व्हर्नाने तोंड उघडलं, तेवढ्यात आर्विड मध्ये पडला. "अगं, नको म्हणतोय ना तो. कशाला मागे लागतेस?" हातातोंडाशी आलेली शाल पुन्हा कपाटात गेली. ती कपाटात जाईपर्यंत रेमीची नजर तिच्यावरून हटली नाही.

आर्विड थक्क झाला होता. स्वयंपाकघरात येऊन तो बायकोच्या कानात म्हणाला, "पोरगं तिकडचं असेल, पण हाड आपलं आहे." जेवण झाल्यावर रेमीने भांडी घासायचा हट्ट धरला आणि कोपरापर्यंत कढत पाण्यात हात घालून उभा राहिला. घासून झालेल्या बश्या त्याने पुन्हा घासल्या, मग कपाटातल्या स्वच्छ बश्याही काढल्या. एवढा कामसू जावई आर्विडने आख्ख्या जिल्ह्यात पाहिला नव्हता.

एक वाजला. तळघरात भट्टी धडधडली आणि त्याच वेळी सोल्व्हेने मांडीवर थाप मारून "चला तर मग" म्हटलं. आमच्याकडे निघतो म्हटल्यानंतरही दारात गप्पांत निदान अर्धा तास जातो, तोही दार उघडं ठेवून. डबी आल्यापासून मात्र आर्विड पाहुण्यांना बाहेर काढून झटकन दार लावत असे.

रेमी दारापाशी आला आणि थांबला. हलेचना. त्याने गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीचं विचारलं. भोक केवढं पाडता, मासा केवढा लागतो. मग आर्विडच्या वडिलांच्या होडीचं. व्हर्नाचे डोळे भरून आले. इतका सुंदर निरोप तिच्या सख्ख्या भावानेही कधी घेतला नव्हता. दारातून उबेचे लोटच्या लोट बाहेर चालले होते. आर्विडने दार लावायला हात पुढे केला आणि त्याची नजर खाली गेली.

भट्टीची गरम हवा जमिनीतून वर येते त्या जाळीवर रेमी उभा होता. एक पाय बुटातून काढून त्याने मोजा जाळीला टेकवला होता. बोलता बोलता त्याने हळूच दुसराही पाय काढला. कढत पाण्यानंतरही त्याच्या हातांची नखं जांभळी पडली होती.

आर्विड बराच वेळ त्या मोज्यांकडे पाहत राहिला. हा माणूस सकाळपासून आपल्या घरात गारठतो आहे, आपल्या मुलीसाठी गारठतो आहे, आणि एका शब्दाने बोलला नाही. डबीपुढे बसून जे वाटलं नव्हतं ते नवल त्याला आता वाटलं. त्याने दार सोडलं, भिंतीकडे हात नेला आणि बटण दाबत राहिला. बहात्तर अंश, या घरात कधी न लागलेला आकडा. व्हर्नाने कोटाच्या खुंटीचा आधार घेतला.

"बाबा, दार उघडं आहे," सोल्व्हे म्हणाली.

"असू दे. बोलतोय ना तो."

बापाचा हात बटणावरून निघेपर्यंत सोल्व्हे तिकडेच पाहत होती. व्हर्ना आत गेली आणि शाल घेऊन आली.

"रेमी, शाल..."

वाक्य पुरं व्हायच्या आत शाल रेमीच्या अंगावर होती.

"घेऊन जा हो," व्हर्ना म्हणाली, आणि मग चाचरत, "पण लुइझियानात शालीचं काय काम?"

"पुढच्या रविवारी आणून देऊ," सोल्व्हे म्हणाली. "आणि त्याच्या पुढच्या रविवारी परत लागेलच."

गाडी वळणाआड गेली, तसा आर्विड चष्मा शोधू लागला. त्याला रविवारचं वेळापत्रक बदलायचं होतं.