बाबा कोणत्या पेटीत?

चिरंजीवांनी तिन्ही पेट्यांचे फोटो जेवणाच्या टेबलावर मांडले आणि वाटाघाटीला सुरुवात झाली. चिरंजीव म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक, वय पंचेचाळीस, डोक्यावरचे केस निम्मे. पण घरात आईवडील दोघंही ठणठणीत असल्यामुळे हुद्दा अजून चिरंजीवांचाच. सिनेमा एकच होता, जुना, बँक लुटणाऱ्यांचा. तो आता नव्याने डिस्कवर आला होता आणि विकणाऱ्यांनी शक्कल अशी लढवली होती की तीन दुकानांत तीन वेगळ्या खास आवृत्त्या. मॉलमधल्या मोठ्या दुकानात पत्र्याची देखणी पेटी, आत चित्रांचं पुस्तक. पुस्तकांच्या दुकानात लांबवलेला सिनेमा आणि पोस्टर. आणि बस डेपोमागच्या एका कॅसेटवाल्याकडे साधं पुठ्ठ्याचं खोकं. एका दुकानातली आवृत्ती दुसरीकडे मिळणार नाही. तिन्हींवर मात्र 'आजवर न पाहिलेलं बरंच काही' असं ठळक छापलेलं.

एरवी कुणीही सगळ्यात सुंदर पेटी उचलली असती. इथे प्रश्न वेगळाच होता. बाबा कोणत्या पेटीत आहेत, हे कुणालाच माहीत नव्हतं.

बाबा तरुणपणी ज्या कचेरीत टायपिस्ट होते, तिच्या पायऱ्यांवर या सिनेमाचं शूटिंग झालं होतं. गर्दी कमी पडली म्हणून कचेरीतले कारकून उभे केले, त्यांत बाबाही होते, स्वतःच्या कोटात, नायकाच्या अगदी मागे. सिनेमा लागला तेव्हा बाबांनी सगळा शेजारपाजार सोबत नेला. पण पायऱ्यांचा प्रसंगच कापलेला. तेव्हापासून घरी पाहुणा आला की आई चहा देता देता सांगायची, "ह्यांनी सिनेमात काम केलंय. दिसत नाहीत, पण केलंय." पाहुणे हसायचे, बाबाही हसायचे आणि कपात बघत राहायचे. चिरंजीवांना ते हसणं लहानपणापासून सहन होत नसे.

आणि आता बाबांनी, पेटी घरात यायच्या आतच, जुन्या कचेरीतल्या मित्रांना रविवारी सिनेमा बघायला बोलावून ठेवलं होतं.

"ह्या वेळीही दिसलो नाही, तर ते मला काही म्हणणार नाहीत," बाबा चिरंजीवांना एकटं गाठून म्हणाले. "तेच जास्त लागेल रे."

सूनबाईंनी हुकूम काढला की पेटी एकच येईल, कारण कपाटात जागा नाही. आईने हुकूम काढला की एकही नको, त्या फालतू सिनेमाचं घरात नावसुद्धा नको. चिरंजीवांनी दोन्ही हुकूम ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुकानातलं भिंग खिशात घालून मॉल गाठला. पत्र्याच्या पेटीवर पायऱ्यांचं चित्र होतं आणि पायऱ्यांवर एक उभा ठिपका. चिरंजीवांनी भिंग लावून ठिपका इतका वेळ न्याहाळला की पहारेकरी शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या नजरेने कावरेबावरे होऊन चिरंजीवांनी पेटी विकत घेऊन टाकली. घरी चांगल्या उजेडात पाहिलं, तर ठिपका म्हणजे दिव्याचा खांब. आतला सिनेमा थिएटरात लागला तेवढाच, आणि सील फोडल्यामुळे पेटी परत द्यायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी लांबवलेला सिनेमा आला. लांबवलेला म्हणजे नायक पूर्वी एकदा घोडा पुसायचा तो आता तीनदा पुसत होता. पायऱ्या दिसल्या, पण त्यांवर फक्त कबुतरं होती.  सूनबाईंनी कपाटातला एक कप्पा रिकामा करायला घेतला, आणि चिरंजीवांना ते बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

शनिवारी ते धापा टाकत कॅसेटवाल्याकडे पोचले.

"कापलेले सगळे प्रसंग होते हो त्यात," कॅसेटवाला म्हणाला. "पण शेवटचं खोकं सकाळीच गेलं. एक आजी आल्या होत्या. कापलेलं सगळं ह्यातच आहे ना, म्हणून दोनदा विचारलं. मी म्हटलं, हो, आणि हे शेवटचंच. तर म्हणाल्या, बरं झालं."

"कशा होत्या दिसायला?"

"चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती, निळ्या. मी म्हटलं, आजी, चष्मेवाल्याकडे जा. तर म्हणाल्या, घरचाच आहे, म्हणून तर ही गत."

चिरंजीवांचे डोळे भरून आले. काडी आज बसवतो, उद्या बसवतो असं ते महिनाभर सांगत होते. आणि ती माऊली, तोंडाने एवढं टाकून बोलणारी, तसल्या चष्म्याने बस पकडून नवऱ्यासाठी खोकं घेऊन गेली होती. कुणाला न सांगता. आपण आईला ओळखलंच नाही, असं त्यांना मनापासून वाटलं. गुपित फोडायचं नाही असं ठरवून ते उड्या मारायच्या तेवढ्या बाकी ठेवून घरी आले.

रविवारी कचेरीतले चौघे कडक इस्त्रीत हजर झाले. बाबांनी कोट घातला होता. चहा झाला, बिस्किटं झाली, तरी आई खोकं काढेना. बाबांचा चेहरा हळूहळू उतरत चालला, आणि चिरंजीवांना राहवलं नाही.

"आई, आता किती ताणशील? आण की बाहेर. बाबा, आईने तुमच्यासाठी कालच आणून ठेवलंय. कापलेला सगळा भाग आहे त्यात."

चौघांनी टाळ्या वाजवल्या. बाबा आईकडे असे बघत राहिले की जणू नुकतंच लग्न ठरलं असावं. आईने चिरंजीवांकडे पाहिलं, पण त्या नजरेत कौतुक नव्हतं. ती उठली आणि गाद्यांच्या तळातून खोकं ओढून घेऊन आली. सरप्राइज इतकं खोल का दडवलं होतं, हा प्रश्न चिरंजीवांच्या मनात आला, पण तोवर डिस्क आत गेली होती.

पायऱ्या आल्या. गर्दी आली. नायकाच्या मागे, कोटात, काटकुळे आणि ताठ, बाबा. "आहे, आहे," चौघे म्हणाले. तेवढ्यात उजवीकडून एक तरुण बाई हातात डबा घेऊन तरातरा पायऱ्या चढून आली. तिने नायकाला कोपराने बाजूला केलं, बाबांच्या हातात डबा दिला, त्यांची कॉलर सरळ केली आणि वळून थेट कॅमेऱ्यात बघितलं. मग बराच वेळ बघतच राहिली. तिच्यामागे बाबा पूर्ण झाकले गेले होते. प्रसंगावर दिग्दर्शकाचा, डिस्कसाठी आता रेकॉर्ड केलेला म्हातारा आवाज सांगत होता की ऊन गेलं, परत घेता आलं नाही, म्हणून शेवटी प्रसंगच काढून टाकला. ती बाई कोण होती, तो आवाज म्हणाला, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

खोलीत सगळ्यांना कळलं होतं.

"डबा विसरून गेले होते हे," आई जमिनीकडे बघत म्हणाली. "मला काय माहीत ते यंत्र चालू आहे."

"मला तेव्हाच कळलं होतं," बाबा म्हणाले. "कॅमेरावाल्याने कपाळाला हात लावला, तो मी पाहिला ना."

आईने मान वर केली. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? मी चारचौघांत काय काय म्हणत होते."

"बोललो असतो तर तू परत कधी डबा घेऊन आली नसतीस," बाबा म्हणाले. "आणि आमच्या कँटीनचं जेवण तू खाल्लेलं नाहीस."

कचेरीतल्या चौघांनी गंभीरपणे माना डोलावल्या.   आईने खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी जवळ घेतली.

"परत लाव रे," ती चिरंजीवांना म्हणाली. "आणि मी यायच्या आधी थांबव. ह्यांना बघायचंय मला."