ओवीत कुणाचं नाव राहिलं

माणसांची मनं सांभाळावीत तर मी! आमच्या मोहोळच्या घरात माझ्यावर आजवर कुणी रुसलेलं नव्हतं. आणि रुसणं काय असतं, ते आमच्या घराला विचारा. चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेत 'आपले नम्र'च्या खाली सिद्राममामांचं नाव राहून गेलं. मामा लग्नाला आले, अक्षता टाकल्या, आणि पंगत उठेपर्यंत मांडवाच्या दारात उपाशी उभे राहिले. सगळ्यांना दिसेल असे! अजून त्यांच्याकडे जाणं-येणं बंद आहे. तेव्हापासून मी एक धडा गिरवला: कुणाचंही नाव राहू द्यायचं नाही.

म्हणून मल्लेश सरांनी स्लोव्हेनियाच्या दौऱ्यात ओव्या मला एकटीला गायला दिल्या, तेव्हा मी निर्धास्त होते. मल्लेश सर सोलापुरात आमचं समूहगान बसवतात. घरचे यंत्रमाग, बालपण खटखटीत गेलेलं, त्यामुळे तालाला पक्के. एक धागा तुटला तरी माग थांबवणाऱ्या घरातला माणूस. त्यांनी आखून दिलं होतं. ओव्या तीनच. पहिली काळ्या मातीची, दुसरी यजमानांच्या नावाची, तिसरी माझ्या आत्याच्या नावाची. मग सर हात वर करणार आणि सगळे मिळून गाणं उचलणार.

ओव्यांची चाल आत्याचीच. बजाबाई तिचं नाव. पहाटेच्या अंधारात जात्याशी बसून तिनं जन्मभर ओव्या गायल्या. आता ते जातं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला टेकवलेलं असतं, पण आत्याचा गळा काही दाराला टेकलेला नाही. तिच्या ओवीत शेवटी जिवाच्या माणसाचं नाव येतं. भावांचं, भाच्यांचं, शेजारणीचं, एकदा तर गाभण गाईचंही आलं होतं. तिनं सगळ्यांची नावं घेतली. तिचं कुणी घेतलं नव्हतं.

निघायच्या दिवशी आई बॅगेत कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी कोंबत होती. आत्या माझ्याजवळ आली आणि इकडंतिकडं बघत हळूच म्हणाली, "रेश्मे, तितं माजं नाव घेशील का गं?"

"घेते की आत्या. शेवटची ओवी तुझीच."

मग काय, आत्यानं गल्लीभर सांगितलं. माझा भाऊ सुमित कार्यक्रम थेट टीव्हीवर लावणार होता. आत्यानं ठेवणीतलं इरकल बाहेर काढलं. परदेशातल्या लोकांना ती टीव्हीतून दिसणार, असा तिचा समज कुणी मोडला नाही.

स्लोव्हेनियातलं ते गाव म्हणजे डोंगराच्या ओंजळीत ठेवलेलं तळं. बोयानाबाई आणि त्यांचे यजमान स्तान्को यांच्या घरी माझी सोय होती. बाईंनी मला लेकीसारखं ठेवलं. आईची चटणी चाखून त्यांचे डोळे इतके वाहिले की मला वाटलं, घरची आठवण मला नाही, त्यांनाच येतेय.

कार्यक्रमाला सभागृह गच्च. छापील पत्रकात सरांनी हौसेनं लिहून घेतलं होतं, की या गाण्यात गाणारी आपल्या जिवाच्या माणसांची नावं गुंफते. ते वाक्य छापलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

पहिली ओवी छान झाली. दुसरी घेतली:

*निळ्या तळ्याकाठी, घर कौलारू सावलीचं*
*बोयानाबाई गं, मन तुझं माउलीचं*

शब्द कुणाला कळले नाहीत, पण नाव कळलं. बोयानाबाई उठून उभ्या राहिल्या. छातीवर हात, डोळ्यांत पाणी. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. आणि माझी नजर शेजारी गेली. स्तान्को! चेहरा हुबेहूब मांडवाच्या दारातल्या सिद्राममामांचा.

आता तुम्हीच सांगा, नवरा-बायकोत एकाचंच नाव घेतलं तर पुढं त्या घरात काय होतं? मी मनात एक ओवी जुळवली आणि स्तान्कोंना तिच्यात बसवलं. ते खुलले. मग दिसला यानेझ, आमच्या बसचा चालक, जो आमच्या बॅगा आपल्याच लेकरांसारख्या उचलायचा. त्याला कसं वगळणार?

*घाटाच्या वाटेला, वळणामागं वळणं*
*यानेझ गं भाऊ, त्याला माझं ओवाळणं*

यानेझनं दोन्ही हात वर केले. मग प्रकाशझोत वळवणारा उभा राहिला. मग ध्वनीच्या खोलीतून एकानं काचेवर टकटक करून आपलं नाव ओठांनी सांगितलं. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी पत्रकाच्या मागं मोठ्या अक्षरांत नाव लिहून वर धरलं. कुणाला नको म्हणायचं? ओव्यांना तर पाझर फुटला होता. माती सरली तर तळं घेतलं, तळं सरलं तर डोंगर. पडद्याआड आमच्यानंतर गाणारं मंडळ थांबलं होतं. त्यांच्यातल्या दोन बाया डोकावल्या, त्यांनाही घेतलं.

मागून मल्लेश सरांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर सर डोळे वटारून, हात हलवून खुणा करत होते. अगं बाई, गाणं बसवणाऱ्याचंच नाव राहिलं!

*सुताला लागला, गळ्याचा माझ्या रंग*
*मल्लेश गुरुजींच्या, मागाला येई संग*

सरांचा हलणारा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो हळूच डोळ्यांकडं नेला. हात वर गेलाय म्हणजे खूणच झाली, असं समजून आमच्या सगळ्या मंडळानं एकदम गाणं उचललं! टाळ्या, फुलं, पडदा.

पडदा पडल्यावर मला आत्या आठवली.

सुमितला फोन लावला. तो म्हणाला, "गल्ली टाळ्या वाजवतीय. आत्या उठून गेली." मागून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. भाकरी नव्हे, कुणाला तरी बडवल्याचा.

सुमितनं फोन आत्याच्या कानाला लावला. मी सभागृहाच्या जिन्यात बसून तिची ओवी गायले. पलीकडं थापणं थांबलं. मग आत्या म्हणाली, "फोनवर कशाला म्हनतीस? चार लोकांनी ऐकलं का?"

"न्हाय, आत्या."

"त्या टकल्या डायवरचं चारशे मान्सात घेतलंस. आन् माजं जिन्यात?"

पुढं दौऱ्यातल्या प्रत्येक गावी सरांनी माझ्या ओव्या कापल्या. "दोनच ओव्या," ते म्हणायचे, "एक मातीची, एक यजमानांची." आवाज मात्र मऊ असायचा.

घरी आले ते ठरवूनच. अंगणात सतरंजी अंथरली, गल्ली बोलावली, सुमितकडून माईक आणवला. आत्या इरकल नेसून, आपण कुणाकडं बघतच नाही असं दाखवत बसली. मी गायले:

*जातं मुकं झालं, दळण राहीना घरात*
*बजाबाई आत्या, तुझं नाव माझ्या सुरात*

आत्यानं पदर सारखा केला. दोनदा. मग शेजारणीला म्हणाली, "परदेशात हेच म्हनायचं हुतं, पर तितं टाइम कमी पडला." झालं! आत्या हसली, गल्ली हसली, मी माईक सुमितकडं परत दिला.

तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं आपटलं.

मी सुमितकडं बघितलं. सुमितनं आभाळाकडं बघितलं. आत गेले तर आई माझ्या बॅगेतून उरलेल्या चटणीची पुडी काढून डब्यात रिकामी करत होती, पाठमोरी.

आता तुम्हीच परत वरपासून वाचून बघा, एवढ्या सगळ्या गोष्टीत मी तिचं नाव कुठं घेतलंय का? बसचा चालक आला, उपाशी मामा आले, गाभण गायसुद्धा येऊन गेली.

गिरिजा. माझ्या आईचं नाव गिरिजा. हे सगळं मी त्या नावासाठीच लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर तिला वाचूनही दाखवलं.

"लिवलेलं कोन वाचतंय?" ती म्हणाली. "माईक हाय की अजून सुमितकडं."

माईक परत लावलाय. पण गिरिजाच्या ओवीला जुळणारा शब्द काही सापडत नाहीये, आणि आत्या म्हणते, मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही.