सुरण, कारलं आणि परबकाका

आम्ही डोंबिवलीच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरत होतं आणि मी हमालांवर ओरडत होते. एक उंच, वाळके गृहस्थ जिन्याच्या कठड्याला टेकून हे सगळं बघत उभे होते. कपाट एकदाचं वर गेलं, मी घाम पुसला, तेव्हा ते पुढे आले.

"नाव काय तुमचं?"

"मेधा साळवी."

"घोसाळं," ते म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "घोसाळकर नाही हो, साळवी."

"आडनाव साळवी. माणूस घोसाळं. नुसती भाजी केली की मुलं ताट सरकवतात, आणि बेसनात बुडवून तळलं की त्याच्यावर तुटून पडतात. तुम्हाला कोणी कौतुकाचं बेसन लावलं की तुम्ही फुलता, नाहीतर नुसतं पाणी सुटतं. राग मानू नका. मी परब, एकशे एक. पाणी सकाळी सहाला येतं."

मी दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी समोरच्या बाईंनी माझ्या पडद्यांना छान म्हटलं आणि मी त्यांना लगेच चहाला बोलावलं, वर भजीही तळली. माझा नवरा महेश माझ्याकडे बघून नुसता हसत होता.

परबकाका एस.टी.तून रिटायर झालेले. शेवटची बरीच वर्षं ठाण्याला खोपटच्या स्टँडवर खिडकीमागे बसून माईकवर गाड्या पुकारायचे. "खिडकीतून माणसाचं तोंड तेवढं दिसतं," ते सांगायचे. "आणि ते तोंड विचारतं, गाडी कधी? त्या दोन शब्दांत भाजी कळते. कोणी विचारतो तेव्हा गवार, धागे निघता निघत नाहीत. कोणी विचारतो तेव्हा भोपळी मिरची. रुबाब एवढा मोठा, आत पोकळ, आणि तिखट म्हणाल तर तेही नाही."

त्यांचे काही नियम होते. जे म्हणायचं ते तोंडावर म्हणायचं. आणि फणस कोणालाही म्हणायचं नाही. "जो उठतो तो बाहेरून काटे, आतून गरे, असं करतो. फुकटची उपमा. आमच्या गावाला येऊन बघा, निम्मे फणस आतून कच्चेच निघतात."

दुसऱ्या मजल्यावरचे गायकवाड सर शाळेतून रिटायर झालेले, बोलायला लागले की थांबत नाहीत. ते पडवळ. "पडवळाला खाली दगड बांधला तरच ते सरळ वाढतं," काका म्हणायचे, आणि सरांच्या मिसेसकडे आदराने बघायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या देवकाकू कारलं. "कडू असेना. घरात शुगरचा माणूस आहे, त्याला दुसरं कोण तारणार?" घोडबंदर रोडला आयटी कंपनीत जाणारा चेतन म्हणजे ढेमसं, जे आहे ते का आहे हे कोणालाच सांगता येत नाही असं. मीराकाकू होत्या तोवर त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "आणि हे स्वतः पावट्याचं टरफल!" मग काका सगळ्यांत मोठ्याने हसायचे. काकू गेल्या त्याला आता चार वर्षं झाली. मुलगा पुण्यात, काका इथे एकटे, सोसायटीच्या कमिटीवर.

एका माणसाला मात्र त्यांनी कधी तोंडावर भाजी सांगितली नव्हती. सोसायटीचे चेअरमन शेट्ये. जिन्यात चपला ठेवल्या तरी नोटीस काढणारे. त्यांना काही सांगायची काकांचीही छाती नव्हती.

गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी मी ठाण्याहून, नौपाड्यातल्या लॅबमधलं काम आटोपून घरी आले आणि बघते तर बिल्डिंगच्या ग्रुपवर आग लागलेली. जिन्यातल्या मीटरच्या पेटीवर काकांची एक वही राहिली होती. ती चेतनला सापडली, आणि त्याने गंमत म्हणून एका पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. वर हसण्याच्या चार चेहऱ्यांची रांग. पानावर काकांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: '१०२ गवार. २०१ सुरण. २०३ पडवळ. ३०२ ढेमसं. ३०४ कारलं.' असं खाली खाली.

तोंडाने म्हटलेलं हसण्यावारी जातं. लिहिलेलं तसं जात नाही. आपल्या घराच्या नंबरापुढे भाजी लिहिलेली बघून माणसं खवळली. देवकाकूंनी लिहिलं, 'आमच्या घरातल्या आजारपणाची थट्टा आज कळली.' एकशे दोनवाल्यांनी पोलीस तक्रारीचं काढलं. शेवटी शेट्येंचा मेसेज आला, नोटिशीसारखा: 'उद्या सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये तातडीची सभा. श्री. परब यांनी उपस्थित राहणे बंधनकारक आहे. त्यांना कमिटीवरून काढण्याचा विषय घेतला जाईल.'

मी खाली जाऊन काकांचं दार वाजवलं. त्यांनी उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "माझी वही बघितलीस का कुठे?" ग्रुपवर काय चाललंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण शेवटी पुन्हा तेच. "वही कोणाकडे आहे? मला ती लागते गं."

रविवारी दहाला पार्किंग भरलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, शेट्ये टेबलामागे आणि टेबलावर ती वही. एरवी सभेला कोरम होत नाही, त्या दिवशी भाडेकरूसुद्धा आले होते. काका बाजूच्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"परब, हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"दोनशे एक म्हणजे मी. मी सुरण?"

मागून चेतन फिसकन हसला.

"हसतोस काय रे?" देवकाकू कडाडल्या. "तूही आहेस त्यात. ढेमसं!"

चेतन हसायचा थांबला.

गायकवाड सर समेट करायला उभे राहिले. माणसामाणसांतला विश्वास, शेजारधर्म, असं बरंच बोलले, बोलतच राहिले. मध्येच कोणाला तरी यादीतलं पडवळ आठवलं आणि मागच्या रांगेत खसखस पिकली. सरांना कळलं. त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि खाली बसले, नजर जमिनीकडे. त्यांचा तो चेहरा बघून मला परबकाकांचा राग आला. इतकी वर्षं हसून घेतलं आपण यांचं, पण चांगल्या माणसाला गप्प बसवलं यांनी, असं वाटलं.

शेट्ये उठले. आवाज नेहमीसारखा मोठा होता, पण कापत होता. "माझी सून आहे त्या ग्रुपवर. तिचे आईवडील बघतात तिचा फोन. अठ्ठावीस वर्षं मी या बिल्डिंगसाठी राबलो, आणि तुम्ही मला सुरण म्हणता? खाज आणणारा? मला लेखी काही नको. सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून, माझं नाव घेऊन माफी मागा. विषय संपवू."

काका उभे राहिले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "माफ करा."

"नाव घेऊन."

काकांनी शेट्येंकडे बघितलं. ओठ हलले, शब्द आला नाही. काका टेबलावरच्या वहीकडे बघत होते.

"एवढा माज?" एकशे दोनवाले ओरडले. "माणसाचं नाव घ्यायला जीभ वळत नाही?"

"ती वही द्या जरा," काका म्हणाले.

"कशाला? भाजी बदलायचीय?" कोणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

शेट्येंनी वही उचलून छातीशी धरली. "आधी नाव."

काकांचा हात वहीकडे गेला, तसाच हवेत राहिला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. आणि ती नजर मी ओळखली. आमच्या लॅबच्या काउंटरवर मी रोज पेशंटना विचारते, पूर्ण नाव सांगा. कधीतरी एखादे आजोबा उत्तर द्यायच्या आधी शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे बघतात. मुलाने सांगावं म्हणून. काका तसे बघत होते, आणि त्यांच्या शेजारी कोणी नव्हतं.

मी पुढे गेले, शेट्येंच्या हातातून वही जवळजवळ ओढून घेतली आणि काकांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला. पानं उलटली. बोट सरकवत एका ओळीवर आले, आणि डाव्या पानावरून उजव्या पानावर गेले. चेतनने फोटो डाव्या पानाचा काढला होता. उजवं पान आमच्यापैकी कोणी बघितलंच नव्हतं.

"दोनशे एक," काका वाचू लागले. "सुरण. पांढरी मिशी, मोठा आवाज. नाव शेट्ये. प्रभाकर शेट्ये. बायकोची पाठ दुखते, विचारायचं. मीराला नेलं तेव्हा अँब्युलन्समध्ये पुढे हाच बसला होता. घरी यायला पहाट झाली त्याला."

त्यांनी वही मिटली, शेट्येंकडे बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "प्रभाकर शेट्ये, माफ करा." आणि पुन्हा एकदा, "प्रभाकर शेट्ये, माफ करा." गाडी दोनदा पुकारायची सवय असेल.

शेट्ये मटकन खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून, परब?"

"वर्ष झालं असेल. भाज्या राहतात डोक्यात. नावं गळतात. मग भाजीवरून नाव शोधतो." ते ओशाळं हसले. "तुम्हाला वाईट वाटावं म्हणून नव्हतं लिहिलं. जिन्यात कोणी भेटलं, तर विचारपूस चुकायला नको म्हणून."

मला तेव्हा कळलं की गेलं वर्षभर त्यांनी मला मेधा अशी हाक मारलेलीच नव्हती. "काय घोसाळं, निघालीस?" एवढंच. मी ते लाड समजत होते.

देवकाकू पदराने डोळे पुसत पुढे आल्या. "परब, मी सुमन देव. तीनशे चार. कारलंच राहू द्या." गायकवाड सर उठले आणि या खेपेला दोनच शब्द बोलले, "चला, परब." चेतनने मान खाली घालून फोटो डिलीट केला. एकशे दोनवाले मात्र कुरकुरतच वर गेले.

मी काकांबरोबर त्यांच्या घरी गेले. त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. माझ्या नंबरापुढे लिहिलं होतं, 'मेधा. नवरा महेश. रक्त तपासते. आईची आठवण येते तेव्हा भांडते.' मी पान उलटलं. शेवटच्या पानावर एकच ओळ होती. 'निखिल. मुलगा. पुणे. रविवारी बारा वाजता फोन.'

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग विचारलं, "याच्यापुढे भाजी नाही लिहिलीत?"

"लहान होता तेव्हापासून शोधतोय. सापडत नाही. घरच्या जेवणाची चव कोणी सांगतं का?"

"त्याला हे माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस." आवाज एकदम चढला. "तो घेऊन जाईल मला. तिथे नवा जिना, नवी माणसं. इथे निदान भाज्या तरी माझ्या ओळखीच्या आहेत."

मी वाद घातला. डॉक्टरांचं नाव काढलं, गोळ्या असतात म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. आणि बाराला फोन वाजला.

काकांनी वही पुढ्यात ओढली, शेवटचं पान उघडलं, बोट त्या ओळीवर ठेवलं आणि फोन स्पीकरवर टाकला. "बोल बाळा."

"बाबा, जेवलात का?"

"व्हायचंय. बाळा, मुलांची परीक्षा झाली?" बोलणं अगदी नेहमीसारखं चाललं होतं. स्वयंपाकघरातून गॅसवरचं दूध उतू गेल्याचा वास आला, तसे काका "ही मेधा आहे, बोल तिच्याशी" म्हणून उठले. माझं नाव त्यांनी बरोबर घेतलं होतं. आत्ताच वाचलेलं.

"मेधाताई, बाबा बरे आहेत ना?" निखिल म्हणाला. "हसाल तुम्ही, पण सांगतो. वर्षभर बाबा मला बाळा म्हणतायत. लहानपणी कधी म्हणाले नाहीत हो. नेहमी निखिल, नाहीतर परीक्षेचे मार्क. आता मी चाळिशीचा झालो आणि रविवारच्या या फोनची वाट बघत असतो. ऑफिसमध्येसुद्धा सांगितलं मी, आमचे बाबा बदलले."

मी मान वर केली. काका स्वयंपाकघराच्या दारात सांडशी घेऊन उभे होते. फोन स्पीकरवरच होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, नको.

मला खोटं बोलवेना आणि खरंही. मी एवढंच म्हटलं, "निखिल, या शनिवारी ये इकडे. एकटाच ये. फोनवर नको."

मग त्याने हळूच विचारलं, "काही झालंय का?"

काका पुढे आले आणि फोनजवळ वाकले. मला वाटलं, आता ते विषय टाळणार. पण ते म्हणाले, "ये बाळा. बोलायचंय थोडं. मीच सांगेन."

फोन बंद झाल्यावर ते खुर्चीत बसले. "नाव समोर होतं गं," ते म्हणाले. "बोट ठेवून बसलो होतो त्याच्यावर. म्हणता आलं असतं." मग त्यांनी पेन उघडलं आणि निखिलच्या नावापुढे, इतरांच्या भाज्या असतात त्या मोकळ्या जागेत, एकेक अक्षर सावकाश काढत लिहिलं, 'बाळा म्हणायचं.'